घोडं अडलं की तिघांनी यायचं

जगभरातली माणसं कॉम्प्युटर हँग होऊ नये म्हणून हात जोडतात. धाकटीच्या घरात मात्र त्या रविवारी दुपारी दोन वाजता चार माणसं कॉम्प्युटरभोवती कोंडाळं करून बसली होती आणि तो एकदाचा हँग व्हावा म्हणून जिवाचं रान करत होती. आणि तो होत नव्हता. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याने हँग व्हायची एकही संधी सोडली नव्हती. वीजबिल भरताना झाला, निकाल बघताना झाला, एकदा तर नुसता पुसताना झाला. पण त्या दिवशी, जेव्हा सगळं घर त्याच्या पाया पडायचं बाकी होतं, तेव्हा आपला पळतोय, पळतोय.

हे असं का, ते सांगायचं तर आठवडाभर मागे जायला हवं आणि तिथून आणखी दहा वर्षं मागे. घाबरायचं कारण नाही, ती दहा वर्षं पटकन संपतात.

बाबा नकाशे काढायच्या ऑफिसात आरेखक. ऑफिसने जुने कॉम्प्युटर काढले तेव्हा त्यांनी एक घरी आणला. तिथल्या इंजिनिअरने त्यावर लिनक्स टाकून दिलं आणि एक मंत्र दिला. अडकलं की कंट्रोल, ऑल्ट आणि बॅकस्पेस एकदम दाबा, स्क्रीन काळी होईल, मग सगळं नव्याने सुरू होईल. फक्त जे सेव्ह केलं नसेल ते गेलं समजा.

आता एक साधा माणूस हे दोन हातांनी करतो. पण कॉम्प्युटर घरात आला त्याच आठवड्यात बाबा जळमटं काढताना स्टुलावरून पडले होते आणि त्यांचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता. पहिल्यांदा स्क्रीन अडकली तेव्हा बाबांच्या तोंडून निघालं, "घोडं अडलं." मग त्यांनी डाव्या हाताने कंट्रोल धरलं, ताईला ऑल्ट धरायला सांगितलं, आणि ज्या स्टुलावरून ते पडले होते त्याच स्टुलावर धाकटीला उभं केलं. धाकटी तेव्हा चार वर्षांची. तिच्या वाट्याला बॅकस्पेस आलं.

एक, दोन, तीन. स्क्रीन काळी झाली. घरात श्वास थांबले. मग ती परत उजळली आणि धाकटीला वाटलं, सूर्य आपणच उगवला.

प्लॅस्टर सव्वा महिन्यात निघालं. रीत काही निघाली नाही. "घोडं अडलं" अशी हाक आली की बाबांनी हातातलं वर्तमानपत्र टाकायचं, ताईने अभ्यास टाकायचा (हा ती आनंदाने टाकायची), धाकटीने स्टूल ओढत आणायचं. बाबा गंभीर चेहऱ्याने विचारायचे, "सेव्ह केलं?" ज्याचं काम चालू असेल त्याने मान हलवायची. मग तिघांची तीन बोटं. एकट्याने दाबायचं नाही, हा कायदा. का नाही, हे कुणी विचारलं नाही. कायद्याला कोण का विचारतं?

आईचा मात्र या कारभारात हात नव्हता, बोटसुद्धा नव्हतं. आई इमारतीच्या समितीची चिटणीस. नोटिसा आणि सभेची इतिवृत्तं टाइप करताना ती दर दोन ओळींनी सेव्ह करायची. घोडं तिच्या हाताखाली अडलंच तर ती उठून कणीक मळायला जायची. "तुमचा खेळ झाला की सांगा," एवढंच म्हणायची.

या रीतीचा धाकटीच्या मनावर इतका खोल परिणाम झाला की तिसरीत असताना शाळेच्या लॅबमध्ये तिच्यासमोरचा कॉम्प्युटर अडकला, तेव्हा तिने हात वर करून लॅबच्या बाईंना सांगितलं, "बाई, अजून दोघं जण पाठवा." बाईंना वाटलं काही जड उचलायचंय. खरं कळल्यावर त्या इतक्या हसल्या की त्यांना बाहेर जाऊन पाणी प्यावं लागलं. ते हसणं धाकटीला अजून आठवतं. पण घरी येऊन तिने हे कुणाला सांगितलं नाही. एकट्याला दाबता येतं, ही बातमी घरात पोचू नये असं तिला वाटलं.

संपली दहा वर्षं, शेवटचं एक सोडून.

तर ताई कॉलेजसाठी दुसऱ्या गावी गेली, हॉस्टेलवर. ती गेली त्याच महिन्यात वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तरकाका बाबांना म्हणाले की जुनं ते सोनं ही म्हण फक्त सोन्याला लागू आहे, लिनक्सही नवं घ्यावं. बाबांनी नवं टाकलं. दिसायला झकपक. आणि पहिल्यांदा अडकलं तेव्हा कळलं की तीन कळा चालत नाहीत. दाबा, बडवा, काही नाही. मग बाबा चालू-बंदचं बटण दाबून धरायला लागले, त्याचा जीव जाईपर्यंत. ते करताना ते दुसरीकडे बघायचे.

वर्षभर असं चाललं. मग ताईचा फोन आला की ती शनिवारी येतेय, दोन दिवसांसाठी, आणि तिला नवा लॅपटॉप मिळालाय म्हणून जुना घरी ठेवेल. आईने लगेच जाहीर केलं की हा डबा सोमवारी भंगारात. भंगारवाल्याला तिने सांगूनही टाकलं. आई निर्णय आणि अंमलबजावणी एकाच फोनमध्ये उरकते.

धाकटी त्या संध्याकाळी कॉम्प्युटरसमोर बराच वेळ बसली. तिला डब्याचं तसं काही नव्हतं. पण ताई गेल्यापासून तिघं कधी एका ठिकाणी आलीच नव्हती. ताई आली तरी कानात ते गाण्यांचे गोळे घालून पलंगावर पडायची आणि विचारलं तर "हं" म्हणायची. पूर्वी कानात गोळे काय, ती रजईत असली तरी त्या हाकेला धावत यायची. सोमवारी घोडं गेलं की ती हाकही गेली. शेवटचं एकदा, फक्त एकदा, तिघांनी दाबायचं. हे धाकटीने ठरवलं आणि जेवताना भात वाढून घेत जाहीर केलं की त्या तीन कळा ती शनिवारच्या आत परत चालू करून दाखवेल.

"तू?" आई म्हणाली. एकच अक्षर, पण नववीतल्या मुलीच्या वर्मी लागायला पुरेसं.

बाबांना मात्र हा आपल्या हुद्द्यावर घाला वाटला. घरचे लिनक्सतज्ज्ञ ते. ते म्हणाले, त्यात काय, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये असणार. ते बसले. तिथे खुणा करायच्या चौकटींची ही लांबलचक यादी निघाली. बाबा एकेक ओळ मोठ्याने वाचत, विचार करत आणि "असू दे, उपयोगी पडेल" म्हणत खूण करत. एका ओळीपाशी मात्र ते दचकले. ती इंग्रजीत होती आणि तिचा अर्थ असा होता की अमक्या सर्व्हरला ठार मारायच्या कळा. "छे," बाबा म्हणाले. "आपल्याला घोडं उठवायचंय, मारायचं नाही." ती एक सोडून त्यांनी जवळजवळ सगळ्या चौकटींत खुणा केल्या. बाबा झुरळसुद्धा कागदावर घेऊन खिडकीबाहेर सोडतात, त्यांचा काय दोष.

तीन कळा चालल्या नाहीतच. वर कॅप्स लॉकची कळ अक्षरं खायला लागली, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आईला कागद सरकू नये म्हणून कीबोर्डच्या डाव्या कडेवर चष्म्याचं घर ठेवायची सवय. दुसऱ्या दिवशी तिने टाकी धुण्याची नोटीस टाइप केली, चष्म्याचं घर जरा सरकलं आणि नेमक्या त्या कळेवर विसावून त्याने शेवटचा शब्द गिळला. आईने सेव्ह केलं, प्रिंट काढली, जिन्यात लावली. "गुरुवारी दिवसभर पाणी येणार."

गुरुवारी पोस्टमास्तरकाका साबण लावलेल्या अवस्थेत, कमरेला टॉवेल गुंडाळून खाली आले आणि त्यांनी नोटिशीकडे बोट दाखवलं. चिटणिसाच्या बारा वर्षांच्या कारकिर्दीतला हा पहिला डाग. आईने काकांना पिण्याच्या पाण्याची कळशी दिली आणि बाबांकडे असं बघितलं की बाबांनी संध्याकाळी सगळ्या खुणा एकेक करून पुसल्या.

पण हे गुरुवारचं झालं. त्याआधी बुधवारी काकांनी सल्ला दिला होता तो सांगायचा राहिला. काकांचं म्हणणं, असल्या गोष्टी खालच्या पातळीवर सुटत नाहीत, वर लिहायचं असतं. त्यांनी धाकटीला समोर बसवून अर्ज सांगितला. प्रति, माननीय व्यवस्थापक, लिनक्स. धाकटीने समजावलं की काका, लिनक्सला व्यवस्थापक नसतो, जगभरातली माणसं मिळून चालवतात. काका पुढे झुकले. मग त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "पण शेवटी सही कोण करतं?" चाळीस वर्षं पोस्टात काढलेल्या माणसाला सहीशिवाय चालणाऱ्या जगाची भीती वाटते. धाकटीने त्यांच्या समाधानासाठी तो अर्ज इंग्रजी करून, विषय आणि संदर्भासकट, लिनक्सवाल्यांच्या एका चर्चेच्या पानावर टाकला.

उत्तर आलं. पेंग्विनचं चित्र लावलेल्या कुणीतरी लिहिलं होतं की त्या कळा मुद्दाम बंद केल्या आहेत, कारण लोकांच्या हातून त्या चुकून दाबल्या जातात आणि काम वाया जातं. हव्याच असतील तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये खूण करा.

बाबांनी हे दोनदा वाचायला लावलं. "चुकून?" ते म्हणाले. "तीन माणसं, तीन बोटं, तीन अंक मोजून, चुकून?" त्यांचा अपमान इतका खोल होता की त्यांनी चहा निवू दिला. आणि सेटिंगचं आम्हाला सांगू नका, तिथल्या खुणा आम्ही करून बसलोय.

आता उरली शाळेची लॅब. तिथे सगळीकडे लिनक्सच होतं. पण मधल्या सुट्टीत लॅब वापरायची तर छापील अर्ज, त्यावर वर्गशिक्षिकेची सही, मग मुख्याध्यापकांची, आणि एक रकाना "कारण". धाकटीने लिहिलं "घरगुती". अर्ज परत आला, घरगुती कारणांसाठी शाळेची वीज वापरता येत नाही. तिने लिहिलं "संशोधन". परत आला, संशोधनासाठी विषयशिक्षकांचं पत्र हवं. तिसऱ्यांदा तिने लिहिलं "इतिहास", आणि का कुणास ठाऊक, त्यावर सही झाली. शुक्रवार उजाडला होता.

लॅबच्या बाईंनी तिला ओळखलं. सहा वर्षं झाली होती, पण पाणी प्यायला लावणारी मुलं शिक्षक विसरत नाहीत. "काय गं, आज किती जण पाठवू?" त्यांनी विचारलं. धाकटीचे कान तापले. पण ताईची बस दुसऱ्या दिवशी दुपारी पोचणार होती, मानापमानाला वेळ नव्हता. तिने सगळं सांगितलं. प्लॅस्टर, स्टूल, हाक, सोमवार. बाई या वेळी हसल्या नाहीत. त्यांनी सेटिंग उघडलं, यादी खाली सरकवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "ही खूण करायची. झालं."

ठार मारायच्या कळा.

धाकटी घरी अशी धावत आली की दप्तर तिच्यामागून आलं. बाबांना पटवेपर्यंत जेवणाची वेळ झाली. ते म्हणाले, मारायचं म्हणजे कोणाला? धाकटीने बाईंनी सांगितलेलं सांगितलं, की स्क्रीनवर चित्रं काढणारा एक भाग असतो, तो अडकला की त्याला बाजूला करून नवा बसवतात, एवढंच. म्हणजे इतकी वर्षं आपण दर वेळी कुणाला तरी मारत होतो? बाबा हळहळले. मग त्यांनी मान किंचित वळवून ती खूण केली.

धाकटी म्हणाली, दाबून बघू या. बाबा म्हणाले, नाही. ताई आल्याशिवाय नाही, आणि घोडं अडल्याशिवाय नाही. न अडलेल्या घोड्याला उठवत नाहीत. इथेच घोडं पेंड खातं, कारण आता ते अडेना.

शनिवारी ताई आली. दार उघडल्याबरोबर धाकटीने तिला सगळं एका दमात सांगितलं. ताई हसली, "किती गं तुझं" म्हणाली आणि झोपली. शनिवारी घोडं अडलं नाही. रविवारी सकाळी अडलं नाही. ताईची परतीची बस पाचला. दुपारी मग ते कोंडाळं बसलं. बाबांनी ऑफिसचे जुने नकाशे एकदम उघडले. धाकटीने चित्रं काढायचा, गाणी वाजवायचा, बुद्धिबळाचा, असे सगळे प्रोग्रॅम चालू केले. पोस्टमास्तरकाका गुरुवार विसरून मदतीला आले आणि त्यांनी जमवलेल्या तिकिटांचे नऊशे फोटो पेनड्राइव्हवर आणले. प्रत्येक तिकिटाबद्दल ते दोन शब्द बोलले. एवढ्यावर माणूस अडकला असता. घोडं पळत राहिलं.

ताई थोडा वेळ बसली, फोनकडे बघत. मग उठली. धाकटी म्हणाली, थांब ना, होईल आता. ताईने तिच्या डोक्यावर टपली मारली. "वेडे, ते एकटीला दाबता येतं. हॉस्टेलवर माझी मैत्रीण एका हाताने करते."

"माहितीये मला," धाकटी म्हणाली. "तिसरीपासून माहितीये."

ताई दोन क्षण तिच्याकडे बघत राहिली. पण बॅग भरायची होती. ती आत गेली. काका पेनड्राइव्ह घेऊन वर गेले. बाबांनी एकेक खिडकी बंद केली आणि धाकटी बाल्कनीत जाऊन वाळलेले कपडे काढायला लागली. ते काम तिला कुणीही सांगितलेलं नव्हतं, यावरून काय ते समजावं.

चारला आई कॉम्प्युटरवर बसली. वार्षिक सभेचं इतिवृत्त उद्या द्यायचं होतं, आणि प्रिंटर या डब्याशिवाय कुणाचं ऐकत नव्हता. खटखट, खटखट, थांबायचं, सेव्ह. खटखट, खटखट. साडेचार झाले. पावणेपाच झाले. ताई दारात बसून बूट घालत होती, बाबा तिची बॅग धरून उभे होते, धाकटी कपड्यांची घडी तिसऱ्यांदा घालत होती.

आतून आवाज आला. चढा नाही, नेहमीचा, नोटीस वाचावी तसा.

"घोडं अडलं."

आईने हे शब्द आयुष्यात पहिल्यांदा उच्चारले होते. क्षणभर कुणाला कळेना कोण बोललं. मग बाबांच्या हातून बॅग पडली, कपडे पडले, आणि सगळ्यात आधी, एक बूट पायात आणि एक दारात टाकून, ताई पोचली. धाकटीने सवयीने स्टूल ओढलं आणि मग तिच्या लक्षात आलं की आता ते लागत नाही, उलट वाकावं लागतं. बाबांचं बोट कंट्रोलवर. ताईचं ऑल्टवर. ताई धापा टाकत होती आणि हसत होती. तिच्या कानात काही नव्हतं.

बाबा आईकडे वळले. चेहरा गंभीर. "सेव्ह केलं?"

आईने स्क्रीनकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "दाबा," ती म्हणाली.

एक, दोन, तीन.

स्क्रीन काळी झाली. चौघांचे श्वास थांबले. खाली रस्त्यावरून एक बस गेली, ती कुठली ते कुणी पाहिलं नाही. आणि मग स्क्रीन उजळली, तश्शी, पूर्वी उजळायची तशी, आणि बाबांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला, जो अजिबात धुरकट झालेला नव्हता. ताईने धाकटीला इतकं घट्ट आवळलं की तिचं "सोड" पण अर्धंच निघालं.

"चार पानं गेली," आई म्हणाली. ताईने धाकटीला सोडलं. "पहिल्यापासून टाइप करायला हवीत. माझे डोळे दुखतायत. ताई, तू बस, मी सांगते. आज काय तुझं जाणं होत नाही, सकाळच्या गाडीने जा." मग बाबांना म्हणाली, "आणि त्या भंगारवाल्याला फोन करा, उद्या नको म्हणावं."

ताईने घड्याळ पाहिलं, बॅगेकडे पाहिलं आणि खुर्ची ओढली. बाबा फोन शोधायला गेले. तेवढ्यात नवीन पान उघडून द्यायला धाकटीने माऊस हातात घेतला. आईच्या फोल्डरमध्ये एक फाइल होती. वार्षिक सभा, इतिवृत्त. चार वाजून त्रेचाळीस मिनिटं. तिने ती उघडली. चार पानं, पहिल्या ओळीपासून आभारप्रदर्शनापर्यंत. एक वेलांटी हरवलेली नव्हती.

तिने वर पाहिलं. आई चष्म्याच्या काचेवरून तिच्याकडेच बघत होती. भुवई अगदी थोडी वर.

धाकटीने फाइल बंद केली, कोरं पान उघडलं आणि ताईच्या शेजारी स्टूल सरकवून बसली.

"हं, लिही," आई म्हणाली, आणि तिने हातातला कागद न बघताच सांगायला सुरुवात केली. "गणसंख्या पूर्ण असल्यामुळे सभेच्या कामकाजाला सुरुवात झाली."